केंद्राचं पथक येतंय: एका विहिरीच्या दोन नोंदी कशा जुळवायच्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्हाला जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात कनिष्ठ भूवैज्ञानिक म्हणून रुजू होऊन आठ महिने झालेत. पुढच्या महिन्यात केंद्राचं पथक दोन तालुक्यांच्या संयुक्त सर्वेक्षणासाठी येतंय. साहेबांनी तुम्हाला "त्यांच्यासोबत फिरा, मागतील ते द्या" एवढंच सांगितलंय. तुम्हाला तीन गोष्टी कळत नाहीयेत: एकच काम दोन खात्यांनी का करायचं, माहिती नेमकी कुणाची, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत तर खरा कुणाचा धरायचा.

मी राज्याच्या सेवेत तेहतीस वर्षं भूवैज्ञानिक होतो. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मराठवाड्यात आणि नाशिक भागात गेली, आणि अशा संयुक्त दौऱ्यांवर किती गेलो याची मोजदाद मी ठेवली नाही. तिसऱ्या प्रश्नातच बाकीच्या दोघांची उत्तरं आहेत, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

पण आधी कायद्याची बाजू, कारण जीपमध्ये बसल्यावर हा विषय हमखास निघतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे आपण ज्याला जीएसआय म्हणतो, ते केंद्राच्या यादीत ६८व्या नोंदीत आहे. पाणी राज्याच्या यादीत १७व्या नोंदीत आहे. खाणी आणि खनिजं दोन्हीकडे आहेत, राज्याकडे २३वी नोंद आणि केंद्राकडे ५४वी. म्हणजे ज्या खडकात पाणी साठतं त्याचा नकाशा करणारी सगळ्यात जुनी संस्था केंद्राची, आणि त्या खडकातलं पाणी राज्याचं. जीएसआय १८५१ साली कोळशाच्या शोधासाठी सुरू झाली. भूजलाचा अभ्यास बरीच वर्षं तिच्याच एका शाखेकडे होता. १९७२मध्ये ती शाखा केंद्रीय भूजल मंडळात विलीन झाली. आपली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही साधारण त्याच काळात उभी राहिली. महाराष्ट्रात तेव्हा दुष्काळ काय होता हे तुमच्या आजी-आजोबांना विचारा. खडकात पाणी किती आहे हे सांगणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यात हवीत, ही गरज त्या दुष्काळाने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणली.

तेव्हा दोन खाती असणं ही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. केंद्राकडे दोनशे मीटर खोल बोअर मारणारी रिग आहे, रसायनशास्त्रज्ञ आहेत, भूभौतिकीची उपकरणं आहेत, आणि चार राज्यांत काम केलेली माणसं आहेत. भीमेच्या खोऱ्यातला बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा खडक, कर्नाटकाच्या हद्दीवर थांबत नाही, हे त्यांच्या नकाशात दिसतं. आपल्या नकाशात रंग हद्दीवर संपतो. उलट कोणत्या गावची विहीर फेब्रुवारीत तळाला जाते, कोणत्या ओढ्यावरचा बंधारा गळका आहे, कुणी मागच्या वर्षी आठ बोअर मारले आणि सगळे कोरडे गेले, हे आपल्याला माहीत असतं. ते दोन तालुक्यांत हंगामभर असतील. आपण तिथे बाराही महिने असतो. दोघांनी मिळून केलेलं काम दोघांच्या वेगवेगळ्या कामांच्या बेरजेपेक्षा पुष्कळ मोठं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मात्र ते आपोआप होत नाही.

आता आकड्यांकडे येऊ. सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगतो, गाव आणि कार्यालयं यांची नावं नको. एका गावातली एकच विहीर दोन्ही खात्यांच्या यादीत निरीक्षण विहीर, म्हणजे ठरावीक काळाने पातळी मोजायची विहीर, म्हणून होती. दोन्हीकडे वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या, आणि जवळपास प्रत्येक नोंदीत आपलं पाणी त्यांच्यापेक्षा पाऊण-एक मीटर खोल दिसायचं. पत्रं गेली, खुलासे मागवले गेले, 'मापनातील त्रुटी' असा शेरा आला. शेवटी एका संयुक्त फेरीत आम्ही दोघं, मी आणि त्यांचे एक ज्येष्ठ अधिकारी, एकाच वेळी त्या विहिरीवर उभे राहिलो. मी टेप कठड्याच्या वरच्या कडेला धरून सोडला. त्यांनी वाचन घेतलं, मग खिशातून घडीचं माप काढून कठड्याची उंची मोजली आणि ती वजा केली. कठडा ऐंशी सेंटिमीटरचा होता. आमच्याकडे पूर्वी कुणीतरी कठड्यापासून मोजायला सुरुवात केली होती आणि पुढच्या प्रत्येकाने तसंच चालू ठेवलं. ते जमिनीपासून मोजत होते. दोघांचेही टेप बरोबर होते, पाणीही तेच होतं. सगळा पत्रव्यवहार ऐंशी सेंटिमीटर दगडी बांधकामाचा होता.

त्या दिवशी त्यांनी कठड्याच्या एका दगडावर लाल रंगाने बाण काढला, बाजूला उंची लिहिली, आणि आम्ही दोघांनी आपापल्या वहीत एकच वाक्य लिहून एकमेकांच्या वहीत सही केली. पुढे त्या विहिरीच्या नोंदी जुळल्या. तुमच्या दोन तालुक्यांतल्या सामाईक विहिरींची यादी पथक येण्याआधीच काढा, आणि पहिले दोन दिवस फक्त याच कामासाठी मागून घ्या. कुणी म्हणेल की हे शिपायाचं काम आहे. तरी मागा.

दुसरा फरक तारखांचा आहे, आणि तो कठड्यापेक्षा जास्त नुकसान करतो. केंद्रीय मंडळ वर्षातून चार वेळा पातळी मोजतं: जानेवारी, पावसाआधी मेच्या सुमारास, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. आपण पावसाळा संपतानाची मोजणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये करतो, मग जानेवारी, मार्च आणि मे. आता आपला खडक आठवा. राज्याचा चार-पंचमांशाहून जास्त भाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे. यात पाणी साठतं थोडं आणि निघून जातं लवकर. शिवाय ऑक्टोबरअखेर रब्बीचे पंप सुरू होतात. त्यामुळे सप्टेंबरअखेरची पातळी आणि नोव्हेंबरची पातळी यांत एक-दीड मीटरचा फरक पडणं अगदी साधी गोष्ट आहे.

तो फरक कुठवर पोहोचतो ते हिशेबाने दाखवतो. समजा मे महिन्यात पाणी ९ मीटरवर होतं, सप्टेंबरअखेर अडीच मीटरवर आलं आणि नोव्हेंबरमध्ये ४ मीटरवर गेलं. आपल्या मोजणीने चढ साडेसहा मीटर, त्यांच्या मोजणीने ५ मीटर. कुजलेल्या किंवा सांधे असलेल्या बेसाल्टसाठी विशिष्ट जलदेयता साधारण २ टक्के धरतात, म्हणजे शंभर घनमीटर खडकातून दोन घनमीटर पाणी हाती लागतं. तेव्हा भरण, म्हणजे पावसाचं जमिनीत मुरलेलं पाणी, झालं एका हिशेबाने १३० मिलिमीटर आणि दुसऱ्याने १००. हजार चौरस किलोमीटरच्या तालुक्यावर हा ३० दशलक्ष घनमीटरचा फरक आहे, एक टीएमसीहून थोडा जास्त. बाकीच्या बाबी क्षणभर बाजूला ठेवल्या आणि उपसा ९५ दशलक्ष घनमीटर धरला, तर एका हिशेबाने उपसा भरणाच्या ७३ टक्के येतो आणि दुसऱ्याने ९५. वर्गवारी तुम्हाला पाठ असेलच: ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ९०पर्यंत अंशतः शोषित, १००पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. म्हणजे त्याच तालुक्यात, त्याच पावसात, फक्त टेप कोणत्या महिन्यात सोडला यावर तालुका अंशतः शोषित की शोषित हे ठरू शकतं. आणि त्या शिक्क्यावर नव्या विहिरींच्या मंजुऱ्या, अनुदानं, उद्योगांचे परवाने अवलंबून असतात.

म्हणून देशाच्या भूजल मूल्यांकनाची पद्धतच संयुक्त ठेवलेली आहे. केंद्रीय मंडळ आणि राज्याची यंत्रणा दोघं मिळून ते करतात, २०१५च्या समितीने ठरवलेल्या कार्यपद्धतीने, आणि २०२२पासून दरवर्षी. आपल्याकडे हिशेब दीड हजारांहून जास्त पाणलोट क्षेत्रांवर होतो आणि मग तालुक्यावर वाटला जातो. या कामात बसाल तेव्हा प्रत्येक पाणलोटासाठी कोणती मोजणी धरली हे रकान्यात लिहून ठेवा. वर्षभराने कुणी विचारलं तर आठवणार नाही, कारण तोवर टंचाईचे दाखले देण्यात तुमचे चार महिने गेलेले असतील.

याच विषयातली आणखी एक अडचण आहे, आणि तिने मला वर्तमानपत्रांसमोर बऱ्याचदा उभं केलंय. आपण टंचाईचा अंदाज बांधताना पातळीची तुलना मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी करतो. केंद्रीय मंडळाच्या अहवालात तुलना दहा वर्षांच्या सरासरीशी असते. मधली चार-पाच वर्षं चांगल्या पावसाची असतील तर पाचाची सरासरी उंच असते. मग आपण सांगतो पाणी एक मीटरने घटलं, आणि त्याच आठवड्यात त्यांचा तक्ता सांगतो की पातळी वाढलेली आहे. दोन्ही विधानं खरी असतात. पण गावात माणसं विचारतात, "साहेब, नक्की काय?" आणि तिथे सरासरीचं गणित सांगून भागत नाही. मी एका जिल्ह्यात असताना आम्ही दोन्ही कार्यालयांनी ठरवून एकच पानी तक्ता काढायला सुरुवात केली होती. त्यात मीटरमधली प्रत्यक्ष पातळी आधी, आणि दोन्ही सरासरी शेजारी शेजारी असत. माझ्या बदलीनंतर तो बंद पडला. तुम्ही पुन्हा सुरू करू शकलात तर मला फार आनंद होईल.

आता खुद्द खडकाकडे. केंद्राच्या पथकातली माणसं पुष्कळदा दुसऱ्या राज्यातून आलेली असतात आणि मराठी जेमतेम समजतं. शेतकरी तुमच्याशी बोलणार आणि तुम्ही दुभाषी होणार. इथे फार सांभाळून राहा, कारण मी इथे चुकलेलो आहे. एका खोदत्या विहिरीवर शेतकरी म्हणाला, "मांजऱ्या लागला की पाणी फुटतं." मी त्याचं भाषांतर करून टाकलं, सच्छिद्र बेसाल्ट. सोबतचे केंद्राचे भूजलवैज्ञानिक काही न बोलता शिडीने खाली उतरले. सहा-सात मीटरवर भिंतीला हात लावून त्यांनी मला बोलावलं. तिथे मांजऱ्या खडकाची छिद्रं होती, पण सगळी झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरून गेलेली. हातोडीने फोडलेल्या ताज्या तुकड्यावर ते दाण्यादाण्यांसारखं दिसत होतं. त्यातून थेंबही येत नव्हता. पाणी येत होतं त्याच्या खालून, जिथे तो लाव्ह्याचा थर संपत होता आणि तांबडा गेरूसारखा मातकट थर सुरू होत होता. त्या सांध्याच्या बरोबर वर बोटभर आडव्या भेगा होत्या आणि त्यांतून पाणी झिरपून तांबड्या थरावर ओघळत होतं.

शेतकऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या अनुभवात मांजऱ्या संपतो तिथेच पाणी लागतं, म्हणून तो मांजऱ्याचं नाव घेतो. माझं भाषांतर चुकीचं होतं. त्यावर जर आम्ही जलदेयता ठरवली असती तर सबंध गावाचा आकडा फुगला असता. तेव्हापासून मी लोकांचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहितो, मांजऱ्या, मुरूम, काळा फत्तर, कच्चा कातळ, आणि समोर खडकाचं वर्णन वेगळं लिहितो. ते अधिकारीही पुढे दोन हंगाम आमच्याकडे आले आणि प्रत्येक विहिरीवर "ये मांजऱ्या कौन सा है?" असं विचारायचे. त्यांच्या अहवालात गावच्या शब्दांचा एक छोटा तक्ता जोडलेला मी पाहिला तेव्हा मला खरंच भरून आलं.

नकाशावर बसताना एक तांत्रिक सापळा आहे, तोही सांगून टाकतो. जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या मापनावर, म्हणजे पृथ्वीचा आकार धरण्याच्या जुन्या पद्धतीवर, आहेत, आणि तुमच्या मोबाइलमधले डब्ल्यूजीएस ८४ या मापनावर. २००५च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या खुल्या मालिकेचे नकाशे नव्या मापनावर आहेत, पण कार्यालयातल्या कपाटात अजून जुनेच असतात. रूपांतर न करता एकाचा बिंदू दुसऱ्यावर ठेवला की आपल्या भागात तो साधारण शंभर मीटरच्या आसपास सरकतो. खडकाच्या रंगीत पट्ट्यासाठी ते चालून जाईल. पण तुम्ही डाइक शोधत असाल, म्हणजे उभ्या भेगेत लाव्हा गोठून झालेला खडकाचा पट्टा, जो रुंदीला दोन-चार मीटरचा असतो आणि जमिनीखाली भिंतीसारखा पाणी अडवतो, तर शंभर मीटरने तुम्ही शेजारच्या माणसाच्या शेतात बोअर मारता. जुन्या यादीतल्या विहिरींचे निर्देशांक पथकाला द्यायच्या आधी ते कोणत्या मापनावरचे आहेत हे लिहून द्या. माहीत नसेल तर विहिरीवर जाऊन नव्याने घ्या.

दरडींचा विषय तुम्ही विचारलेला नाही, पण सह्याद्रीच्या बाजूला बदली झाली की तो तुमच्या टेबलावर येणारच, आणि केंद्र-राज्य सहकार्याची खरी कसोटी मला तिथेच वाटते. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. जीएसआयने देशभरातल्या दरडप्रवण डोंगरांचा नकाशा करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी हाती घेतला, एकास पन्नास हजार या प्रमाणावर, सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटरसाठी. हे प्रचंड काम आहे आणि ते त्यांनी केलं. पण एकास पन्नास हजार म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्या कागदावर दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका असते. उतार कोणता नाजूक आहे हे तो नकाशा सांगतो. त्या उताराखाली नेमकी कोणती वाडी आहे, मागच्या पावसात तिच्या वरच्या अंगाला भेग पडली का, हे सांगायला तिथे चालत जाणारा माणूस लागतो, आणि तो राज्याचाच असणार. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारने स्वतः विधिमंडळात सांगितलं. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. त्यावर बोलताना मला अजूनही शब्द जुळवावे लागतात.

तिथे कोण चुकलं हे मी सांगायला बसलेलो नाही. मला कामाची पद्धत दिसते. नकाशा वरून खाली येतो, गावांची यादी खालून वर जाते, आणि दोन्ही एका टेबलावर एकमेकांवर ठेवून पाहणारा माणूस नेमलेला नसेल तर मधली वाडी दोन्हीतून सुटते. अशा संयुक्त पाहणीला गेलो तेव्हा आम्ही तीन जण असायचो: जीएसआयचा भूवैज्ञानिक, मी, आणि तलाठी किंवा कोतवाल. वाडीत शिरताना आधी घरं पाहायची नाहीत, वरच्या अंगाला चढायचं. एका ठिकाणी नकाशाने उतार मध्यम धोक्याचा दाखवला होता. वर गेल्यावर भातखाचरं करण्यासाठी सपाट केलेल्या जागेच्या मागे अर्धचंद्रासारखी भेग होती, हातभर खोल, गवताने झाकलेली. कोतवालाने सांगितलं की खालच्या झऱ्याचं पाणी गेल्या श्रावणात गढूळ यायला लागलं. जीएसआयच्या मुलीने (ती वयाने माझ्या लेकीएवढी होती) तिथेच बसून त्या भागाचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा हाताने काढला आणि संध्याकाळी आम्ही दोघांच्या सहीने तहसीलदारांना कळवलं. त्या वाडीतली अकरा कुटुंबं त्या पावसाळ्यात खाली शाळेत राहिली. दरड आली नाही. तरीही मी त्या सहीला माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली सही मानतो.

खनिजांबद्दल थोडक्यात, कारण तुमचं ते क्षेत्र नाही. तिथे साखळी जास्त बांधीव आहे. जीएसआय शोध घेते, तिचे अहवाल राज्याकडे येतात, आणि २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर राज्य त्यावर लिलाव करतं. २०२३च्या दुरुस्तीने चोवीस महत्त्वाच्या खनिजांचे लिलाव केंद्राकडे गेले, महसूल मात्र राज्यालाच मिळतो. वर्षाचा कार्यक्रम केंद्रीय भूवैज्ञानिक कार्यक्रम मंडळाच्या आणि राज्याच्या तशाच मंडळाच्या बैठकीत समोर ठेवतात, म्हणजे एकाच डोंगरावर दोघांनी खोदू नये. भूजलाच्या माणसांनी त्या बैठकीचे कागद मागून वाचावेत असं माझं मत आहे. तिथल्या ड्रिलिंगच्या नोंदींत पाण्याची माहिती फुकट पडलेली असते.

तुम्ही शेवटी विचारलंय की बाहेरच्या देशांत हे कसं करतात. मला अमेरिकेतल्या केंटकी राज्याचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. १९६० साली त्या राज्याने आणि संघराज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मिळून सबंध राज्याचा नकाशा एकास चोवीस हजार प्रमाणावर करायचा ठरवला. खर्च दोघांनी वाटून घेतला. बहुतेक नकाशांकन संघराज्याच्या भूवैज्ञानिकांनी केलं, पण राज्याचा पैसा लागलेला असल्याने राज्याचं लक्ष आणि राज्याचा आग्रह अठरा वर्षं टिकून राहिला. १९७८पर्यंत ७०७ नकाशे पुरे झाले. आता आपल्याला अभिमान वाटावा असा भाग. इलिनॉय राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले सुभाष भागवत आणि त्यांचे सहकारी विजू इपे यांनी २००० साली या नकाशांची किंमत काढली. त्यांनी नकाशे वापरणाऱ्यांनाच विचारलं की हा नकाशा नसता तर तुम्हाला ही माहिती मिळवायला किती खर्च आला असता. १९९९च्या किमतीत सगळा कार्यक्रम सुमारे ९ कोटी डॉलरचा, आणि वापरणाऱ्यांनी सांगितलेलं मोल किमान २.२५ अब्ज डॉलर, म्हणजे पंचवीस पट. वरचा अंदाज एकोणचाळीस पट. नकाशे सुरू झाले खनिजं आणि इंधन डोळ्यांसमोर ठेवून, आणि पुढे ते भूजल, पर्यावरण, बांधकाम यांसाठी धडाधड वापरले गेले.

१९९२मध्ये तिथे याचा कायदा झाला. त्यातल्या एका कलमाखाली राज्याच्या सर्वेक्षणाने जेवढा पैसा घालायचा तेवढाच संघराज्य घालतं, आणि आधी कोणत्या भागाचा नकाशा करायचा हे राज्यातली सल्लागार समिती ठरवते. आपल्याकडे निम्मा-निम्मा खर्च हा नियम सगळीकडे आणता येईल असं मी म्हणत नाही. पण कुठला तालुका आधी हे राज्याने ठरवायचं, ही गोष्ट घेण्यासारखी आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पथक यायच्या आधी तुमच्या साहेबांच्या सहीने एक पत्र गेलं की अमुक तीन पाणलोटांत आमचे आकडे आणि लोकांचा अनुभव जुळत नाही, तिथून सुरुवात करावी, तर बहुतेक वेळा ते ऐकतात. मी पाठवलेल्या अशा पत्रांना नकार क्वचितच आला.

आपल्याकडेही असं जमलेलं आहे. १९९५ ते २००३ या काळात जलविज्ञान प्रकल्प चालला, जागतिक बँकेच्या मदतीने, केंद्रीय संस्था आणि मुख्यतः द्वीपकल्पातली नऊ राज्यं मिळून. महाराष्ट्र त्यात होता. पिझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजण्यासाठीचे अरुंद बोअर, आपोआप पातळी नोंदणारी उपकरणं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे नोंदींचा एक नमुना त्यात आला. मी तेव्हा तरुण होतो. दुसऱ्या राज्यातल्या माणसाची फाइल माझ्या संगणकावर उघडली आणि रकाने जुळले, तो दिवस मला आठवतो. अटल भूजल योजनेत तेच पुढे गावापर्यंत आलं. केंद्र आणि जागतिक बँकेचा पैसा, राज्याची यंत्रणा, आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर.

म्हणजे माहिती कुणाची, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: कागदोपत्री ज्याने मोजली त्याची, पण देताना परत मागायचीच. मी पाहिलेली सगळ्यात नेहमीची तक्रार हीच आहे की आपण वीस वर्षांच्या नोंदी देतो आणि दोन वर्षांनी छापील अहवालाची एक प्रत येते, तीही कपाटात जाते. म्हणून पथक आल्याच्या दिवशीच ठरवून घ्या: दोनशे मीटर बोअरचा खडकाचा तपशील, पंप चाचणीची कच्ची वाचनं, पाण्याच्या नमुन्यांचे निकाल, हे सगळं ज्या स्वरूपात त्यांच्या संगणकात आहे त्याच स्वरूपात तुम्हाला हवं. शेवटचा अहवाल नंतर येऊ द्या. कच्ची वाचनं कॅम्प उठायच्या आधी घ्या. पंप चाचणी रात्रीच्या विजेवर करावी लागली आणि मध्ये वीज गेली तर तेही वाचनाच्या शेजारी लिहा, कारण पुण्या-नागपूरला बसून आलेख काढणाऱ्याला तो खड्डा खडकातला वाटतो.

आणि आकडा कुणाचा खरा? दोघं एकत्र उभे राहून घेतलेला. तो घेता आला नसेल तर दोन्ही लिहा, तारीख, वेळ आणि कुठून मोजलं यासह, आणि कुठलाही खोडू नका.

निघण्यापूर्वी सामानाचं पाहून घ्या. तीस मीटरचा टेप, खडू, लाल तैलरंगाची छोटी डबी आणि ब्रश, कठड्यासाठी घडीचं माप, सामाईक विहिरींची यादी दोन प्रतींत, गावांचे नकाशे तलाठ्याकडून आणलेले, आणि एक जाड वही जी तुमची स्वतःची असेल, कार्यालयाची नाही. पहिल्या विहिरीवर पोहोचलात की पथकातल्या ज्येष्ठांना टेप आधी त्यांच्या हातात द्या, आणि ते तो कुठे धरतात ते पाहा.